पीएमपी परीक्षा : स्वरूप आणि तयारी

एखादे धरण बांधणे, गावाला नळाचे पाणी पुरविणे, कारखान्यात नवे यंत्र बसविणे किंवा कार्यालयातील जुने दप्तर संगणकावर आणणे, ही कामे वरकरणी एकमेकांहून अगदी भिन्न दिसतात. तथापि त्यांच्यात एक साम्य आहे. अशा प्रत्येक कामाला विवक्षित दिवशी आरंभ होतो, विवक्षित दिवशी ते संपणे अपेक्षित असते, त्यासाठी ठरावीक पैसा मंजूर झालेला असतो आणि ते संपले म्हणजे पूर्वी नव्हती अशी एखादी वस्तू वा सोय निर्माण झालेली असते. दररोज एस.टी. गाड्या सोडणे हा प्रकल्प नव्हे. नवे बसस्थानक बांधणे हा प्रकल्प होय. अशी कामे तडीस नेण्याचे एक स्वतंत्र शास्त्र गेल्या शतकात आकारास आले आणि त्यातील प्रावीण्याची साक्ष देणाऱ्या परीक्षाही सुरू झाल्या. त्यांपैकी जगभर सर्वाधिक परिचित असलेली परीक्षा म्हणजे ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’, अर्थात ‘पीएमपी’.

आपल्या राज्यातील बांधकाम, अभियांत्रिकी आणि संगणक क्षेत्रांत काम करणारे अनेक तरुण या परीक्षेकडे वळू लागले आहेत. आखाती देशांतील बांधकाम कंपन्यांच्या जाहिरातींत या प्रमाणपत्राला पसंती दिलेली आढळते. शासकीय सेवेत मात्र पदोन्नती सेवाप्रवेश नियमांनुसार व विभागीय परीक्षांवरून होते. हे प्रमाणपत्र मिळविल्याने ज्येष्ठता यादीत कोणाचे नाव वर सरकत नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. परीक्षेचे शुल्क मोठे असते आणि तयारीचे महिने नोकरी व घरसंसार सांभाळून काढावे लागतात. असे असता दहा-बारा वर्षे कामावर उभे राहिलेला अभियंताही कधी कधी अनुत्तीर्ण होतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. त्याचे कारण बहुधा अभ्यासाची उणीव हे नसते. कामाच्या ठिकाणी अंगवळणी पडलेली उत्तरे तो परीक्षेत देतो, हे असते.

शास्त्राची जडणघडण

हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कामांचे पट्टीदार तक्ते रूढ केले. कोणते काम कोणत्या आठवड्यात सुरू होऊन कोणत्या आठवड्यात संपेल हे आडव्या पट्ट्यांनी दाखविणारा तो तक्ता आजही प्रत्येक कार्यकारी अभियंत्याच्या भिंतीवर दिसतो. पुढे १९५७ च्या सुमारास ड्यू पाँट व रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी ‘क्रिटिकल पाथ’ म्हणजे निर्णायक मार्गाची पद्धत विकसित केली, आणि १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र योजनेसाठी ‘पर्ट’ ही पद्धत तयार झाली. १९६९ मध्ये अमेरिकेत ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट’ ही संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय पेनसिल्व्हेनिया राज्यात न्यूटाउन स्क्वेअर येथे आहे. या संस्थेने पहिली पीएमपी परीक्षा १९८४ मध्ये घेतली. संस्थेच्या मुंबई व पुणे येथील शाखा व्याख्याने व अभ्यासवर्ग भरवितात.

‘पीएमबॉक गाइड’ या नावाने ओळखली जाणारी संस्थेची मार्गदर्शिका प्रथम १९९६ मध्ये निघाली. तिच्या २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत १० ज्ञानक्षेत्रे व ४९ प्रक्रिया दिलेल्या होत्या. २०२१ च्या सातव्या आवृत्तीने ही मांडणी बाजूस ठेवून १२ तत्त्वे व ८ कार्यक्षेत्रे पुढे आणली. हा तपशील येथे देण्याचे कारण असे की, ४९ प्रक्रियांचे तक्ते तोंडपाठ करावयास लावणारी जुनी टिपणे अद्याप हातोहात फिरत असतात. त्या प्रक्रिया समजून घेणे उपयुक्त आहे. घोकणे व्यर्थ आहे.

अर्ज भरताना

या परीक्षेस कोणालाही बसता येत नाही. २०२१ च्या अभ्यासक्रमाबरोबर लागू असलेल्या नियमांनुसार पदवीधरास प्रकल्पाचे नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा, तर माध्यमिक शिक्षण वा पदविका झालेल्यास ६० महिन्यांचा अनुभव आवश्यक होता. याखेरीज प्रकल्प व्यवस्थापनाचे ३५ तासांचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. अनुभव अलीकडच्या ठरावीक वर्षांतील असावा, अशीही अट असते. संस्था आपले नियम व अभ्यासक्रम वेळोवेळी बदलते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी चालू नियमपुस्तिका स्वतः वाचावी, मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये.

पुष्कळांचा असा समज असतो की, ज्याच्या पदनामात ‘प्रकल्प व्यवस्थापक’ हे शब्द आहेत त्यालाच अर्ज करता येतो. तसे नाही. पदनाम शाखा अभियंता असो, ‘टीम लीड’ असो वा पर्यवेक्षक असो. कामाची आखणी, माणसांची जुळवाजुळव, खर्चावरील लक्ष आणि अखेरचे हस्तांतर या गोष्टी उमेदवाराने प्रत्यक्ष केल्या आहेत काय, एवढेच पाहिले जाते. उलटपक्षी, एकाच वेळी दोन कामे सांभाळली म्हणून तेच महिने दोनदा मोजता येत नाहीत.

अनुभवाचे वर्णन लिहिताना आपल्याकडील उमेदवार सामान्यतः इमारतीचे वर्णन करतात. इतक्या चौरस मीटरची शाळा, इतक्या गाळ्यांचा पूल, असे लिहितात. स्वतः काय केले ते लिहीत नाहीत. वास्तविक कामाचा हेतू, आपली जबाबदारी आणि फलित एवढे थोडक्यात लिहिणे पुरेसे असते. काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात आणि मग प्रमाणपत्रांच्या प्रती व ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांचे सहीचे दुजोरे मागविले जातात. जुने वरिष्ठ निवृत्त होऊन गावी गेले असतील तर धावपळ होते. त्यांना आधीच कळवून ठेवणे श्रेयस्कर.

नावाविषयीही एक सूचना आवश्यक वाटते. अर्जातील नाव आणि परीक्षेच्या दिवशी दाखवावयाच्या ओळखपत्रावरील नाव यांत मेळ असणे बंधनकारक आहे. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी, पारपत्रावर शेवटी, कोठे वडिलांचे पूर्ण नाव तर कोठे केवळ आद्याक्षर, अशी स्थिती असते. विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनींच्या बाबतीत ही अडचण विशेष संभवते. जे ओळखपत्र नेणार त्यावरूनच अर्जातील नाव अक्षरशः उतरवून घ्यावे.

ज्यांच्यापाशी अद्याप अनुभव नाही अशा तरुणांसाठी त्याच संस्थेची ‘सीएपीएम’ ही प्राथमिक परीक्षा आहे.

थोडेसे गणित

गणिताची धास्ती अनेकांना असते, विशेषतः प्रस्तुत लेखकाप्रमाणे कला शाखेतून आलेल्यांना. परंतु येथील गणित भागाकारापलीकडे फारसे जात नाही. त्यामागील कल्पना मात्र पक्की हवी.

एका गावाची नळपाणी पुरवठा योजना घ्या. उद्भव विहिरीला ८ आठवडे, त्यानंतर पंपगृहाला ३, ते झाल्यावर वीजजोडणीला ६ आठवडे लागतील. उंच जलकुंभाला १४ आणि वितरण नलिका टाकण्यास १० आठवडे लागतील. ही दोन्ही कामे विहिरीबरोबरच सुरू करता येतील. सर्व झाल्यावर चाचणीसाठी २ आठवडे. विहीर, पंपगृह, वीजजोडणी व चाचणी या मार्गाने १९ आठवडे होतात. जलकुंभाच्या मार्गाने १६ आणि नलिकांच्या मार्गाने १२. सर्वात लांब मार्ग तो निर्णायक मार्ग, आणि तोच योजनेची मुदत ठरवितो. गावकऱ्यांचे लक्ष उंच जलकुंभाकडे लागलेले असते, पाहणीस येणारे पाहुणेही तेथेच उभे राहतात. परंतु जलकुंभाला ३ आठवड्यांची सवड आहे. वीजजोडणीचा अर्ज एक आठवडा पडून राहिला, तर मात्र पाणी एक आठवडा उशिरा येते. आता जलकुंभ ५ आठवडे लांबला तर योजना किती लांबेल? पाच असे उत्तर चटकन तोंडी येते. खरे उत्तर दोन आहे. जलकुंभाचा मार्ग १६ वरून २१ वर जातो आणि १९ च्या जागी तोच निर्णायक ठरतो.

दुसरी कल्पना अर्जित मूल्याची. १२ महिन्यांत, समान गतीने, ६० लाख रुपयांत पूर्ण करावयाची एक इमारत आहे. सहा महिने झाले. योजनेप्रमाणे ३० लाखांचे काम व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात शेकडा ४० काम, म्हणजे २४ लाखांचे, झाले आहे आणि खर्च २७ लाख झाला आहे. मासिक अहवालात ‘तरतूद ३० लाख, खर्च २७ लाख’ एवढेच लिहिले तर ३ लाखांची बचत झाल्याचा भास होतो. वस्तुतः हे काम मागेही पडले आहे आणि महागही झाले आहे. झालेल्या कामाच्या मूल्यास खर्चाने भागले असता सुमारे ०.८९ येतात, आणि योजलेल्या कामाच्या मूल्याने भागले असता ०.८. दोन्ही आकडे एकाहून कमी, म्हणून दोन्ही चिंताजनक. हीच चाल राहिली तर इमारत ६० ऐवजी साडेसदुसष्ट लाखांवर जाईल. अर्जित मूल्याचा खरा उपयोग हाच की, वर्ष संपण्याची वाट न पाहता सहाव्या महिन्यातच ही गोष्ट उघड होते. परीक्षेतही आकडेमोडीपेक्षा आकड्यांचा अर्थ विचारण्याकडे कल आढळतो.

प्रश्न काय विचारतात?

बहुसंख्य प्रश्न प्रसंगावर आधारित असतात. चार-पाच ओळींत एक प्रसंग सांगितला जातो आणि व्यवस्थापकाने आता प्रथम काय करावे, असे विचारले जाते. चारही पर्याय वाजवी दिसतात. येथे ‘प्रथम’ या शब्दावर सारी मदार असते.

वरील पाणीयोजनेचेच उदाहरण घेऊ. काम अर्ध्यावर आले असता सरपंच म्हणतात की, नलिका पलीकडच्या वाडीपर्यंत न्यावी. कंत्राटदार तयार आहे. व्यवस्थापकाने काय करावे? किरकोळ काम म्हणून होकार द्यावा, मंजुरीत नाही म्हणून नकार द्यावा, प्रकरण वरिष्ठांकडे पाठवावे, की या वाढीव कामाचा मुदतीवर, खर्चावर व पाण्याच्या दाबावर काय परिणाम होईल ते तपासून बदलाचा प्रस्ताव रीतसर मांडावा? परीक्षेला अपेक्षित उत्तर शेवटचे आहे. ‘मार्गदर्शन व्हावे ही विनंती’ असे लिहून कागद वर पाठविण्याची ज्याला वीस वर्षे सवय आहे तो तिसरा पर्याय निवडतो. शासकीय कारभारात त्या शेऱ्याला उत्तरदायित्वाचा आधार आहे, यात शंका नाही. पण ही परीक्षा असे गृहीत धरते की, व्यवस्थापकापाशी काही अधिकार आहेत आणि वरिष्ठांकडे जाण्यापूर्वी त्याने आपले काम पूर्ण केलेले आहे.

गंमत अशी की, आपल्याकडील अभियंत्याला यातील पुष्कळसे दुसऱ्या नावांनी परिचित असते. तांत्रिक मंजुरी, जादा बाब, सुधारित प्रशासकीय मान्यता, मोजमाप पुस्तिकेतील नोंद हे सारे बदलावर नियंत्रण ठेवण्याचेच प्रकार होत. नवे नाव शिकण्याऐवजी जुन्या परिचिताला ओळखावयाचे, असा दृष्टिकोन ठेवल्यास अभ्यास सुकर होतो.

माणसांविषयीचे प्रश्न यापेक्षा अवघड जातात. २०२१ च्या अभ्यासक्रमात माणसे या विभागाला शेकडा ४२, प्रक्रियांना ५० आणि व्यावसायिक परिस्थितीला ८ असे वजन देण्यात आले होते. दोन सहकाऱ्यांत वितुष्ट आले आहे, काय करावे? बदली, ताकीद, दुर्लक्ष हे पर्याय असतात. अपेक्षित उत्तर बहुधा असे असते की, दोघांशी प्रत्यक्ष बोलून वादाचे मूळ शोधावे. हुकूम सोडणारा साहेब या परीक्षेत क्वचितच बरोबर ठरतो.

जोखीम आणि अडचण यांतील भेदही नीट उमजला पाहिजे. कोकण रेल्वेची उभारणी १९९० च्या दशकात झाली आणि १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. डोंगरात ठिसूळ माती लागण्याचा संभव ही खोदाईपूर्वीची जोखीम होय; गोव्यात पेडणे येथील बोगद्यात ती माती खरोखरच कोसळू लागली, तेव्हा तिची अडचण झाली. जोखमीची नोंद ठेवून उपाय आधी योजावयाचा असतो आणि अडचण आल्यावर तो अमलात आणावयाचा असतो. त्याच रेल्वेच्या गोव्यातील आखणीला स्थानिक नागरिकांनी विरोध केला होता. ज्यांना प्रकल्पाची झळ पोहोचते तेही प्रकल्पाचे हितसंबंधी होत, हे तत्त्व परीक्षेत वारंवार वेगवेगळ्या वेषांत भेटते.

अजाइल पद्धती

बांधकाम क्षेत्रातील उमेदवारांना सर्वात परका वाटणारा भाग हा. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ संगणकतज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी ‘अजाइल’ कार्यपद्धतीचा जाहीरनामा सिद्ध केला. त्यामागील विचार सोपा आहे. धरण अर्धे बांधून वापरता येत नाही. त्याचे संकल्पचित्र आधी पूर्ण करावेच लागते. परंतु दाखले देण्याची एखादी संगणक प्रणाली तयार करताना लोकांना नेमके काय हवे हे आरंभी कोणालाच पूर्णपणे ठाऊक नसते. अशा वेळी दोन ते चार आठवड्यांचे छोटे टप्पे पाडावे, प्रत्येक टप्प्याअखेर वापरता येईल असा भाग दाखवावा आणि अभिप्राय घेऊन पुढील टप्पा ठरवावा. येथे कामे नेमून देण्याचे बरेचसे काम गट स्वतःच करतो. व्यवस्थापक त्याच्या वाटेतील अडथळे दूर करतो. २०२१ पासूनच्या परीक्षेत जवळजवळ निम्मे प्रश्न या किंवा दोन्हींचा मेळ घालणाऱ्या पद्धतींवर होते. म्हणून हा भाग शेवटी उरकण्याजोगा नाही. संगणक क्षेत्रातील उमेदवारांची अडचण नेमकी उलट असते. त्यांनी निविदा, करार व निर्णायक मार्ग यांकडे अधिक लक्ष पुरवावे.

अभ्यासाचा क्रम

रोज दीड-दोन तास देऊ शकणाऱ्या नोकरदारास तीन महिन्यांचा अवधी योग्य वाटतो. पहिला महिना वाचनास द्यावा. त्यानंतर प्रश्न सोडविण्यास प्रारंभ करावा आणि चुकलेल्या प्रश्नांची एक वेगळी वही ठेवावी. वहीत बरोबर उत्तर लिहून भागत नाही; आपण चुकीचा पर्याय का निवडला ते लिहावे. पंधरा दिवसांत त्या वहीतून आपल्या सवयींचे एक चित्र उभे राहते. कोणी सतत वरिष्ठांकडे धाव घेतो, कोणी तपासणीविना कृती करतो, तर कोणी प्रत्येक प्रसंगी बैठक बोलावतो. ही सवय एकदा दिसली की गुण वाढू लागतात.

ही परीक्षा मराठीतून देता येत नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवारांनी यामुळे खचून जाऊ नये. इंग्रजी साधे असते, वाक्ये मात्र लांब असतात. भाषेच्या विद्यार्थ्यास हे शालेय परीक्षेतील उताऱ्यावरील प्रश्नांसारखे वाटेल, आणि तशीच तयारी केलेली बरी. आधी शेवटचे वाक्य वाचून नेमके काय विचारले आहे ते पाहावे, मग प्रसंग वाचावा. शेवटच्या महिन्यात किमान तीन वेळा संपूर्ण सराव परीक्षा एका बैठकीत, घड्याळ लावून द्यावी. दीडशेव्या प्रश्नापाशी डोके जड होते, आणि तो अनुभव घरी घेतलेला बरा.

‘प्रत्यक्ष परीक्षेतील प्रश्न’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संचांपासून दूर राहावे. परीक्षार्थी गोपनीयतेची अट मान्य करून बसलेला असतो. तिचा भंग झाल्यास प्रमाणपत्र गमवावे लागते.

परीक्षेचा दिवस

२०२१ च्या स्वरूपानुसार १८० प्रश्नांसाठी २३० मिनिटे देण्यात आली होती. साठ-साठ प्रश्नांनंतर दहा मिनिटांच्या दोन विश्रांती होत्या आणि विश्रांती घेतल्यावर मागील साठ प्रश्नांकडे परत जाता येत नव्हते. म्हणजे एका प्रश्नास सव्वा मिनिटाहून थोडा अधिक वेळ. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

परीक्षा केंद्रावर अथवा घरून, दोन्ही प्रकारे बसता येते. घरून परीक्षा देताना कॅमेऱ्याद्वारे देखरेख असते. खोलीत कोणी डोकावले, मोठ्याने प्रश्न वाचला किंवा खुर्चीवरून उठले तर परीक्षा थांबविली जाऊ शकते. ज्यांच्या घरी माणसांचा राबता आहे किंवा जेथे वीजपुरवठा बेभरवशाचा आहे, त्यांनी प्रवासाचा त्रास सोसूनही केंद्रावर जावे, असे आमचे मत आहे.

उत्तीर्ण होण्यासाठी किती गुण लागतात ते संस्था प्रसिद्ध करीत नाही. निकालपत्रात प्रत्येक विभागातील कामगिरी अपेक्षेहून वर, अपेक्षेइतकी, अपेक्षेहून खाली किंवा सुधारणेस वाव, अशा श्रेणीत दिलेली असते. अनुत्तीर्ण झालेल्याने ते फाडून न टाकता जपून ठेवावे. अभ्यास कोठून सुरू करावयाचा ते त्यातच लिहिलेले असते. अर्ज मान्य झाल्यापासून एका वर्षात तीनदा परीक्षा देता येते. उत्तीर्ण झाल्यावरही दर तीन वर्षांत व्यावसायिक शिक्षणाचे ६० गुणांक मिळवून प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. अभ्यासवर्ग, व्याख्याने, तसेच आपल्याला येणारे इतरांना शिकविणे, या सर्वांतून हे गुणांक मिळतात.